झोपाळ्यावर बसलेल्या मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,

स.न.वि.वि.

आपला एक फोटो गेले दहा महिने माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. गैरसमज नको, मी कार्यकर्ती नाही. वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, एका नव्याने सजवलेल्या बागेच्या उद्घाटनाचं. आपण झोपाळ्यावर बसला आहात, दोन्ही हातांनी साखळ्या धरून, पाय जरासे उचललेले, आणि मागे चारजण झोका द्यायला उभे. खाली आपलं बोलणं छापलंय, की नातवापासून आजीपर्यंत अख्खं कुटुंब इथे रमेल, प्रत्येक वयाच्या मुलांसाठी वेगळी खेळणी असतील, हिरकणी कक्ष असेल, बाबागाडीसाठी उताराची वाट असेल. बागेचं नाव मी इथे लिहीत नाही. आपल्याला आठवत नसेल तर कोनशिलेवर पाहून घ्यावं. आपल्या नावाच्या बरंच खाली, बारीक अक्षरांत आहे.

कात्रण ठेवलं, कारण मला तीन मुलं आहेत. थोरली तेरा वर्षांची, मधला सात आणि धाकटा चौदा महिन्यांचा. ही तिघं एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास खूश राहतील असं ठिकाण या मुंबई शहरात शोधणं हा माझा गेल्या वर्षभराचा उद्योग आहे. आमच्या ह्यांना हॉटेलच्या किचनमधून महिन्याला एकच रविवार सुट्टी मिळते. तो एक रविवार मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला असा आखते, की पानिपताची तयारीही इतकी झाली नसेल. (निकालही साधारण तोच लागतो.)

थोरलीला तारांगण पाहायचं असतं. पण अंधारात धाकटा भोकाड पसरतो आणि आजूबाजूचे लोक आपल्याकडे ग्रहणाला बघावं तसं बघतात. वरळीच्या विज्ञान केंद्रात थोरली आणि मधला दिवसभर रमतील, मी मात्र दिवसभर धाकट्याला खांद्यावर घेऊन फिरेन. घारापुरीला जायचं तर आधी लाँच आणि मग पायऱ्या, सासूबाईंचे गुडघे नाही म्हणतात. तारापोरवाला मत्स्यालय असतं तर प्रश्नच नव्हता. मासे बघायला वय लागत नाही. चौदा महिन्यांचं पोर आणि सत्तरीची आजी दोघंही काचेला नाक लावून उभी राहतात. १९५१ पासून होतं ते, २०१५ मध्ये नव्याने सजवून उघडलं, मग करोनात बंद झालं ते झालंच. तसंच जुन्या लाल डबलडेकरचं. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की आमच्या लहानपणी पिकनिक तिथेच पूर्ण व्हायची. सप्टेंबर २०२३ मध्ये तिला निरोप दिला. नव्या एसी डबलडेकर आल्या आहेत, मान्य. पण आमच्या कांजूरच्या माणसाने त्या शोधत हिंडायचं कुठे?

तर या खेपेला ठरलं असं: सकाळी राणीच्या बागेत मधल्याचे पेंग्विन आणि दुपारी आपली ती फोटोतली बाग.

रविवारी मेगाब्लॉक आहे, म्हणजे रूळदुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद नाहीतर वळवलेल्या, हे मला माहीत होतं. म्हणून साडेनऊची लोकल धरायची होती. बरोबर सव्वानऊला, सगळ्यांच्या चपला पायात असताना, धाकट्याने पँट भरली. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना पुढचा तास सांगायला नको. आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या होत्या आणि त्या सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथेच थांबणार होत्या. या यादीत आमचं कांजूरमार्ग नाही. नाहूर नाही, विद्याविहार नाही. आम्ही फलाटावर उभे आणि गाड्या समोरून धडाधड जाताहेत. मधला प्रत्येक गाडीला टाटा करत होता. रूळ दुरुस्त व्हायलाच हवेत, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या चालतात तर दुरुस्ती करणार कधी, हे मलाही समजतं. पण नोकरदाराला मिळणारा एकच दिवस आणि ब्लॉकचाही नेमका तोच दिवस, हे कुणी आमची पत्रिका जुळवून ठरवलंय का?

मग विक्रोळीपर्यंत रिक्षा. रिक्षात तीन माणसं, आम्ही सहा. म्हणजे दोन रिक्षा. टॅक्सीत चार, म्हणजे टॅक्सीही दोन. एका ठिकाणी ‘कुटुंब तिकीट’ होतं, आई-बाप आणि दोन मुलं, तिसऱ्याचे वेगळे. या शहरातली प्रत्येक गोष्ट चार माणसांच्या मापाने शिवलेली आहे आणि आम्ही शिवण उसवणारे. आजी नावाचा प्राणी तर कुठल्याच हिशेबात नाही.

पेंग्विन छान होते. थंडगार काचेआड ते पाण्यात सूर मारत होते, मधला जागचा हलेना, धाकटा ‘बदक, बदक’ करत राहिला आणि थोरली, जी वाटभर तोंड पाडून होती, तिने हळूच सत्तर फोटो काढले. दिवसातला चांगला तास तेवढाच.

मग आम्ही आपल्या बागेत आलो.

बाबागाडीसाठी उताराची वाट आहे. पण तिच्या तोंडाशी मोटारसायकली घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत, त्यामुळे बाबागाडीही घुसत नाही. उचलून आत नेली. हिरकणी कक्ष आहे. दारावर डोक्यावर पदर घेतलेल्या आईचं चित्र आहे आणि खाली कुलूप आहे. फटीतून पाहिलं तर आत झाडू, बादल्या आणि कार्यक्रमाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. साहेब, रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले तेव्हा हिरकणी बाळासाठी कडा उतरून गेली, हे आपण भाषणात सांगता. तिच्याच नावाच्या खोलीला भरदुपारी कुलूप. धाकट्याला मी बाकावर, ओढणीआड पाजलं, समोर दोन बाप्ये शेंगा खात बसलेले. बाथरूमबद्दल मी लिहीत नाही. थोरलीची त्या दिवशी वेगळी गरज होती आणि ती इथे लिहायची नाही अशी तिने शपथ घातली आहे.

इथवर ठीक होतं. इतकं सोसायची मुंबईच्या बाईला सवय असते. पत्र लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीमुळे.

थोरली धाकट्याला मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसली. झोका घेतही नव्हती, नुसती पायाने हलत होती. धाकटा खिदळत होता. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं एकत्र खूश होती आणि मी यांना म्हणत होते, बघा, जमलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. एक नाही, चार. वॉचमन लांबूनच ओरडत आला, ‘‘ए, एवढी घोडी झालीस, बोर्ड वाचता येत नाही?’’ बोर्ड होता: १२ वर्षांवरील व्यक्तींनी झोपाळ्याचा वापर करू नये. आख्खी बाग वळून बघायला लागली. तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि फाटकाजवळच्या कठड्यावर जाऊन बसली. निघेपर्यंत ती तिथेच होती आणि सारखी टी-शर्ट खाली ओढत होती.

मला त्या वॉचमनशी भांडायचं नाही. तो कंत्राटावर असणार, बारा तास उन्हात उभा. त्याला पगाराबरोबर काय दिलंय तर शिट्टी. मोठी पोरं झोपाळे तोडतात हेही खरं, मी पाहिलंय. पण मग मोठ्या मुलांसाठी एक दणकट झोपाळा का नाही? ‘प्रत्येक वयाच्या मुलांसाठी’ म्हणजे नेमकी कुठली वयं मोजली होती? आणि तोच झोपाळा, मी कात्रण घरी येऊन पुन्हा पाहिलं, तीच निळी पाटी, तोच झोपाळा आपलं वजन पेलतो तर माझ्या बेचाळीस किलोच्या पोरीने त्याचं काय घोडं मारलं?

माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘आम्ही लग्न झालेल्या बायका नागपंचमीला झाडाला दोर बांधून झोके घ्यायचो. आंब्याच्या शेंड्याला पाय लागायचे. कुणी शिट्टी नाही वाजवली.’’

एक सांगाल का, माझी मुलगी कोण आहे? रेल्वेच्या हिशेबात बारा झाली की ती मोठी, पूर्ण तिकीट. घारापुरीच्या लेण्यांत पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणजे तिथे ती मूल. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला, त्यात अठरापर्यंत मूल आणि एकतिसाव्या कलमात खेळण्याचा हक्क. आणि आपल्या बागेत ती घोडी. तेरा वर्षांच्या मुलाला निदान मैदानात कुणीतरी फिल्डिंगला उभं करतं. तेरा वर्षांच्या मुलीने या शहरात जायचं कुठे? मॉलमध्ये? तिथे एसी आहे, बाथरूम स्वच्छ आहे, शिट्टी नाही. फक्त दीडशे रुपयांची कॉफी घेतल्याशिवाय बसू देत नाहीत. मुंबईकराच्या वाट्याला माणशी जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर मोकळी जागा येते असं मी वाचलंय. म्हणजे एक चटई. आणि त्या चटईवर पाटी: बारा वर्षांवरील व्यक्तींनी बसू नये.

पैसे नाहीत असं तर सांगूच नका. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. मी मोबाईलवर भागाकार केला. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती एक कोटी चोवीस लाख. डोई साठ हजारांच्या आसपास पडतात. आमच्या घरातली सहा डोकी, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. भागाकार चुकला असेल, कारण भाजकच जुना आहे. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही. २०११ नंतर जन्मलेली माझी तिन्ही मुलं सरकारने अजून एकदाही मोजलेली नाहीत. मग त्यांच्यासाठी झोपाळे किती लागतात हे तुम्हाला कळणार कुठून?

विचारायचं तरी कुणाला? नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मुदत संपली तेव्हा माझा मधला तीन वर्षांचा होता, आज सात. त्याचं झोपाळ्याचं सगळं वय विनानगरसेवक गेलं. या काळात कोस्टल रोड झाला. त्यावर दुचाकी नाही, रिक्षा नाही. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचा वेळ वाचला, अभिनंदन. आम्ही दोन रिक्षा शोधतोय.

आता आपलं कार्यालय उत्तर देणार की बाग पालिकेची, रेल्वे केंद्राची, वॉचमन ठेकेदाराचा. असेलही. पण फीत कापताना हे कुणाचंच नव्हतं, तेव्हा सगळं तुमचं होतं. फोटोत ठेकेदार नाही. रेल्वेमंत्री नाहीत. तुम्ही आहात.

मागणं मोठं नाही. हिरकणी कक्षाची किल्ली फाटकावर ठेवावी आणि खुर्च्या दुसरीकडे. एक खांब काढावा, एकच, बाबागाडीपुरता. आणि मोठ्या मुलांना चालेल असा एक झोपाळा लावावा, तोवर ती पाटी उतरवावी. ब्लॉकचं काही होणार नाही हे मी धरून चालते.

दिवसभराचा खर्च एक हजार आठशे साठ रुपये आला, तो मी मागत नाही.

पुढचा सुट्टीचा रविवार चार आठवड्यांनी आहे. थोरलीने सांगून ठेवलंय, तुम्ही जा, मी घरी थांबते. कालनिर्णयच्या मागे मी या वेळी पाच माणसांचा हिशेब मांडलाय. अजूनही दोन रिक्षाच लागतात.

आपली,
तीन मुलांची एक आई,
कांजूरमार्ग (पूर्व)

ता. क. — कात्रण मी फ्रिजवरून काढलेलं नाही. मधला विचारतो, हे काका किती वर्षांचे आहेत? काय सांगू?