बाकाबाईची गोष्ट

महाल, नागपूर
गणपतीचा चौथा दिवस

प्रिय ठमे,

दिवाळीनंतर मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोन चारदा हातात घेतला नि ठेवला. फोनवर मधेच कुकरची शिट्टी होते, विषय भाजीच्या भावावर जातो आणि खरं बोलायचं ते राहूनच जातं.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं दिवाळीनंतर. माझी शुगर जिथल्या तिथे आहे. वहिनीच्या हातचं खाऊन दादा आणखी फुगला. झालं.

आता मुद्द्याचं. तुला काळी मारबत सांगायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत निघणारी, मिरवून शेवटी जाळायची ती मोठी बाहुली, तुझ्या मामाच्या इतवारीतल्या गच्चीवरून आपण दोघी बघायचो. तो काळाकुट्ट चेहरा, बाहेर आलेली लाल जीभ, आणि खालून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ तू एकदा इतक्या जोरात ओरडलीस की तुझा हलणारा दात गच्चीवरच पडला, आणि मामी म्हणाली, घ्या, पोरीची ईडा तर गेली!

मी शाळेत लागल्यापासून दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आठवीच्या वर्गाला एक गोष्ट सांगते. नागपूरच्या भोसल्यांच्या घरातली बाकाबाई इंग्रजांना मिळाली, राज्य गेलं, म्हणून चिडून लोकांनी तिची काळी मारबत काढली. मुलांना आवडते. इतिहास आपल्या गल्लीत आला की पोट्टे कान टवकारतात. सत्तावीस वर्षं मी ही गोष्ट सांगून राहिले. मला कोणी सांगितली ते आठवत नाही. बहुतेक आजीनं.

यंदा वर्गात एक मुलगी आहे. बारीक, शेवटच्या बाकावरची. जुलैमध्ये एका मुलानं मोबाइलवर आलेला दंगलीचा व्हिडिओ दाखवला, परवाचा म्हणून. ही उठून म्हणाली, ‘हा मी मागच्या वर्षीच पाहिला होता, परवाचा कसा असेल?’ एवढंच. तेव्हापासून पोट्टे तिला शत्रूकडची म्हणून चिडवायचे. मी पोळ्याची गोष्ट सांगितली आणि त्यांना नाव सापडलं. बाकाबाई. ती वर्गात शिरली की मागून हळूच ‘घेऊन जा गे मारबत’. ठमे, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले गं. वाटलं, पोरांनी धडा लक्षात ठेवला.

मारबतीची सुट्टी संपून शाळा भरली तर तास संपल्यावर ती टेबलाशी आली. वही छातीशी धरलेली. म्हणाली, ‘मॅडम, बाकाबाई 1858 मध्ये वारल्या. पेपरमध्ये लिहिलंय, काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. मग तेवीस वर्षांनी लोक त्यांच्यावर काहून चिडले?’

मला उत्तर आलं नाही. ‘उद्या सांगते’ म्हणाले. ती दाराशी थांबली आणि म्हणाली, ‘मला खरंच पाहिजे आहे.’ तिच्या त्या ‘खरंच’नं मला रात्री झोप लागू दिली नाही.

शनिवारी ग्रंथालयात गेले. नागपूर जिल्ह्याचं 1908 चं इंग्रजी गॅझेटियर काढलं, 1857 च्या उठावावर के नावाच्या इंग्रजानं लिहिलेला जाडजूड इतिहास काढला. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींची राणी. 1817 च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसले सीताबर्डीला इंग्रजांशी लढून हरले, पुढे लहानग्या तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं, तेव्हा वाड्यात हीच बाई वडीलधारी. 1853 च्या डिसेंबरात ते तिसरे रघूजी वारले, मूल नव्हतं, आणि डलहौसीनं संस्थान खालसा केलं. हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात विकले, जडजवाहीर कलकत्त्याला नेलं. आणि आता ऐक. सामान उचलायला साहेबाची माणसं आली तेव्हा ही म्हातारी इतकी संतापली की म्हणाली, वाड्यातल्या सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन! सामान गेलंच. पण हीच ती फितूर बाई.

मी तिथेच टेबलावर हात ठेवून बसून राहिले. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ही सगळी घडामोड झाली, नि मला तिच्यातलं एक वाक्य माहीत नव्हतं.

मग पुढचं पान. 1857 मध्ये तिनं आपलं सगळं वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं. हेही खरं. काही वर्षांनी तिच्या घराण्यातल्या दत्तक मुलाला इंग्रजांनी मान्यता दिली, देऊरचे राजेबहादूर असा किताब दिला, तो या निष्ठेबद्दल. काहीच वर्षांपूर्वी वाडा जाळायला निघालेली बाई इंग्रजांच्या बाजूनं का गेली? मला वाटतं तिला घराण्याचं नाव वाचवायचं होतं. पण हे मला वाटतं. तिनं स्वतः काय म्हटलं ते मी चाळलेल्या पुस्तकांत कुठेच नाही. जे आहे ते साहेबानं लिहिलेलं, आणि साहेबाला निष्ठावंत राणी हवीच होती. गल्लीला फितूर हवी होती. दोघांनीही आपल्याला हवी तेवढीच बाई उचलली.

आणि त्या मुलीचा प्रश्न जितका धारदार तितकाच कच्चा आहे, हेही मला त्याच टेबलावर कळलं. 1881 तरी कुठून आलं? तेही पेपरात दरवर्षी छापून येतं, इतकंच. आणि राग तेवीस वर्षं टिकत नाही असं कोण म्हणतं? तू नि मी तो किती टिकवला? शिवाय काही घरांत काळी मारबत म्हणजे पूतना मावशीच. माझ्या सासूबाई तेच सांगायच्या, त्यांना बाकाबाई ऐकूनही माहीत नव्हती. एकाच बाहुलीच्या दोन गोष्टी. मी त्यातली एकच वर्गात नेली, कारण तिच्यात गद्दार होता, आणि गद्दार असला की वर्ग शांत बसतो.

ठमे, आता तुला कळलं असेल मी कुठे येऊन राहिले.

1994. नोव्हेंबर. हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा अडवला, चेंगराचेंगरी झाली, एकशे चौदा माणसं गेली, त्यात बाया नि लेकरंच जास्त. तू त्या संध्याकाळी बर्डीवरून पायी आली होतीस. आमच्या दारात उभी होतीस, आत आली नाहीस, एवढंच म्हणालीस, ‘चपला गं. नुसत्या चपला.’ आणि मी, आदल्याच घासाला बाबा जे बोलले ते, त्यांच्याच शब्दांत, तुला सांगितलं. जमाव बेशिस्त असतो, पुढारी लोकांना आणून सोडून देतात, वगैरे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘हे तू बोलून राहिलीस का काका बोलून राहिले?’ आणि गेलीस. आठ महिने आपण बोललो नाही. मी मैत्रिणींना सांगत फिरले की तू चिडकी आहेस. बोलणं पुन्हा सुरू झालं ते तुझ्या बहिणीच्या लग्नात बुंदी वाढताना, आणि तो विषय दोघींनीही काढला नाही. आज शहीद गोवारी उड्डाणपुलावरून मी दर दिवशी स्कूटी चालवते. खाली स्मारक आहे. रोज पाहते. पण त्या वेळी आमच्या घरात कोणी, मीसुद्धा, हे विचारलं नव्हतं की ते लोक मागत काय होते. अनुसूचित जमातीत आपली नोंद व्हावी म्हणून ते आले होते, हे मी दहा वर्षांनी एका लेखात वाचलं.

आणि दुसरं. तुझे आबा आठवतात? दसऱ्याला तुमच्या घरून दीक्षाभूमीला जायचे, आमच्या घरून रेशीमबागेला, संघाच्या कार्यक्रमाला. आमच्या ओट्यावर एक वाक्य कायम असायचं की बाबासाहेबांनी 1956 ला दीक्षेसाठी मुद्दाम संघाचं गाव निवडलं. मी ते तुझ्या आबांना तोंडावर म्हटलं होतं, पंधरा वर्षांची असताना. ते रागावले नाहीत. आत जाऊन एक पिवळी पडलेली पुस्तिका आणली, म्हणाले, पोरी, वाच. मी ती दप्तरात ठेवली, परत केली, वाचली नाही. परवा वाचली गं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं, 15 ऑक्टोबरचं भाषण. सुरुवातीलाच ते म्हणतात की नागपूर का निवडलं असं लोक विचारतात, संघ इथे आहे म्हणून असं काही म्हणतात, तसं नाही, आणि मग नाग लोकांची गोष्ट सांगतात. उघड मराठीत छापलेलं. पटो न पटो, ते आधी वाचायचं होतं. पस्तीसेक वर्षं मी त्या भाषणावर वाद घातला आणि पान उलटलं नव्हतं. आबा आता नाहीत. कोणाला सांगू?

तू म्हणशील, एवढं झालं तर आता बाबांशी भांडून राहिली असशील. नाही. ऑपरेशननंतर त्यांना वाचता येत नाही, म्हणून सकाळी मीच पेपर वाचून दाखवते. आता दोन पेपर घेते, एकच बातमी दोन्हीतून वाचते. पहिले तीन दिवस ते ‘तो दुसरा कशाला?’ म्हणाले. चौथ्या दिवशी म्हणाले, ‘त्यात हे आकडे वेगळे काहून?’ मी काहीच बोलले नाही, चहा ओतला. फॅमिली ग्रुपवर मात्र दादा रोज काहीतरी टाकतो आणि मी रोज गप्प बसते, तिथे बोलणं माझ्याच्यानं अजून होत नाही. परवा वहिनीनं एक पोस्ट टाकली, मी फक्त विचारलं, हे कुठलं आहे, कधीचं आहे? दादानं लगेच लिहिलं, ‘चिमे, पार्टी बदलली का?’ मी पार्टी बदललेली नाही. मला फक्त तारीख पाहिजे होती.

आणि हो, महालक्ष्म्या बसवणार आहे. तुझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला असेल. मीही स्वतःला विचारलं. आईनं बसवल्या, तिची ती पितळेच्या मुखवट्यांची पेटी उघडताना मला तिचे हात दिसतात, आंबीलीचा वास आला की ती स्वयंपाकघरात असते. मी त्या कोणाच्या धाकानं बसवत नाही, न बसवल्यानं काही होईल म्हणूनही नाही. एवढं पक्कं झालं नि मला बरं वाटलं. पुरणपोळीला तू नाहीस हे मात्र बरं वाटत नाही.

सोमवारी वर्गात उभी राहिले. म्हटलं, मी तुम्हाला जी गोष्ट सांगितली ती मी न तपासता सांगितली. मग जे सापडलं ते सगळं सांगितलं, आग लावीन म्हणणारी बाई, 1857 ची बाई, पूतना, तेवीस वर्षं, साहेबाचं पुस्तक. पोट्टे गोंधळले. एकानं विचारलं, ‘मॅडम, परीक्षेच्या पेपरात काय लिहायचं?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘म्हणजे ती चांगली होती की वाईट?’ त्या मुलीनं मान वर केली नाही, वहीत लिहीत होती. मग मी तिला चिडवण्याबद्दल बोलले आणि हसले होते त्याची माफी मागितली, नाव न घेता, सगळ्यांसमोर. आता भीती एवढीच की तिला त्यानं आणखी एकटं पाडलं की काय. काल डब्याच्या सुट्टीत ती दोन मुलींबरोबर होती. लांबून पाहिलं, जवळ गेले नाही.

तुझं काय? गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाला? पोरगा हैदराबादला रुळला का, आणि तुझं ते नवं घर, तिथे सकाळचं ऊन येतं का? सगळं लिही. संत्र्याची बर्फी भाच्यासोबत पाठवली आहे, त्यानं वाटेत संपवली नसेल तर मिळेल.

आणि एक लिही, जमेल तेव्हा. त्या संध्याकाळी बर्डीवर तू काय पाहिलंस? मी तेव्हा विचारलं नाही, नंतर कधीच विचारलं नाही. चपलांच्या पुढचं सांग. मी ऐकते.

तुझी,
चिमी