एकच चावी, अनेक मशीन

महोदय,

उंब्रजजवळ महामार्गाच्या कामावर माझा जेसीबी भाड्याने आहे. गेल्या महिन्यात रात्रीत त्याची बॅटरी गेली, टाकीतलं डिझेलही. सकाळी पाहतो तर कापलेल्या वायरी लोंबत होत्या. मशीन राहिलं हेच नशीब! एकाच कंपनीच्या कित्येक मशीनना एकच चावी चालते, हे ऑपरेटर मंडळींना पक्कं ठाऊक आहे. हप्ते फेडणाऱ्याचा जीव रात्रभर टांगणीला लागतो. ठेकेदाराने साइटवर दिवा आणि रखवालदार द्यायलाच हवा. मालकांनीही छुपा कट-ऑफ स्विच (बॅटरीचा वीजपुरवठा तोडणारं बटण) नि जीपीएस बसवावा आणि चासी नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. तक्रार देताना मला तो नंबर शोधायला परत साइटवर धावावं लागलं.

– एक जेसीबीमालक, कराड (जि. सातारा)