कुठल्या वेळी किती आधण

ती. आई-बाबा,
सा. न.

पुढच्या महिन्यात टपरी तुम्ही दोघं बघणार, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, चहा कसा करायचा हे तुला मी काय सांगणार! पण कुठल्या वेळी किती टाकायचा, त्यावरच इथलं गणित आहे.

आपलं एक आधण म्हणजे 1 लिटर दूध, अर्धा लिटर पाणी, 35 ग्रॅम पावडर, शंभरेक ग्रॅम साखर. उकळून, गाळून वीसेक कटिंग निघतात.

पहाटे साडेपाचला रिक्षावाले, पेपरवाले आणि फिरायला निघालेली मंडळी. अर्धं आधण पुरतं. फिरणाऱ्यांना बहुतेक बिनसाखरेचा लागतो, त्यामुळे तेव्हा साखर शेवटी घाला आणि त्याआधी चार कप बाजूला काढा.

खरी झुंबड साडेआठ ते साडेदहा. अभ्यासिकेतली मुलं आणि ऑफिसवाले एकदमच येतात. एक पातेलं गाळायला घेतलं की दुसरं चढलेलंच हवं. दूध गार ओतलंत तर उकळी बसते, ती परत येईपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर गेलेलं असतं. म्हणून बारक्या शेगडीवर तापवलेलं दूध कायम गरम ठेवा. याच घाईत आलं दुधात पडतं आणि चहा फाटतो. ताज्या आल्यात दूध फाडणारं द्रव्य असतं, ते उकळत्या पाण्यात निकामी होतं. तेव्हा आलं पाण्यातच टाका, चांगलं खळखळू द्या, मग दूध. अकराला समोरच्या ऑफिसची किटली जाते, ती झाली की गर्दी ओसरते.

एक ते साडेतीन शुकशुकाट. पुण्याची दुपार तुम्हाला माहीतच आहे! नासाडी होते ती याच वेळात. सकाळचा उरलेला चहा मंद आचेवर ठेवला की पाऊण तासात कडवट होतो, वर साय धरतो. मग त्यात दूध-साखर ढकलून उपयोग नाही, नेहमीच्या माणसाला पहिल्या घोटालाच कळतं. या वेळात मागतील तेवढाच, दोन-चार कपच करा. बाबा, तुम्ही तेवढ्यात घरी जाऊन पडा, एकटी आईसुद्धा सांभाळेल.

चार ते सहा पुन्हा जोर, पण वेगळा. सकाळचा माणूस उभ्याउभ्या पिऊन जातो, संध्याकाळी चौघं मिळून खारी-क्रीमरोल घेऊन अर्धा तास बसतात. सकाळी चहा कमी पडतो, संध्याकाळी ग्लास! विसळायची बादली साडेतीनलाच भरून ठेवा.

आठनंतर चहा उतरतो, मुलं कॉफी मागतात. नऊनंतर दुधाची नवी पिशवी फोडू नका. रात्रीचं उरलेलं दूध सकाळच्या ताज्या दुधात कधीच मिसळायचं नाही, जरा आंबलेलं असलं तर अख्खं पातेलं जातं.

पावसाचं म्हणाल तर धो धो पडत असताना कुणी फिरकत नाही, उघडीप झाली की सगळे एकदम. तोवर आल्याचं पाणी उकळून तयार असू द्या, दूध घालू नका. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दिवशी अभ्यासिका ओस असतात, त्या दिवशी दूध निम्मंच घ्या.

बाबा, स्कॅन करून पैसे देणाऱ्याचा मोबाइल बघून मान हलवू नका, आपला स्पीकर बोलला तरच पैसे आले.

येताना घरचा लोखंडी खलबत्ता आणा. इथला बत्ता हलका आहे, आलं नीट ठेचलं जात नाही.

तुमची,
लेक