सैल हॅट उकळू नका, आतली फट भरा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत घरगुती टिप्सच्या चौकटीत छापून आलंय की फेल्टची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची, हॅट डोक्याला सैल होत असेल तर कडकडीत गरम पाण्यात बुडवून काढा आणि हेअर ड्रायरने वाळवा, आपोआप मापाची होईल. अहो, आपोआप काही होत नाही, वाटोळं तेवढं होतं. त्यात २३ मार्चचा शहीद दिन जवळ आलाय, शाळाशाळांतून भगतसिंग उभे राहणार, आणि निम्म्या पोरांच्या हॅटा कानांवर येऊन टेकलेल्या असतात हे दरवर्षीचंच आहे, आता तुमची टिप वाचून आयांनी गॅसवर पातेलं चढवलं तर काय घ्या, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, काटछाट तुमच्या हातात.

मी इथे इंदूरला एका हौशी मराठी नाटक मंडळीची वेशभूषा सांभाळते. म्हणजे पगड्या, काळ्या टोप्या, फेटे, दाढ्यामिशा असा सगळा पेटारा आमच्याच माळ्यावर असतो आणि त्यातच फेल्टच्या हॅटा, इन्स्पेक्टर, डिटेक्टिव्ह, विलायतेहून आलेला जावई अशा सगळ्यांना मिळून त्याच त्या. एका नाटकात ती हॅट काडीपैलवानाच्या डोक्यावर जाते, पुढच्या नाटकात चांगल्या भरल्या डोक्याच्या गृहस्थाच्या. प्रत्येकाला नवी घ्यायला आमच्याकडे पैसे कुठले, आणि डोकं तर काय कुणाचंच बदलता येत नाही, तेव्हा हॅट आणि डोकं यांच्या मधली जागा तेवढीच आपल्या हातात राहते. माझं म्हणणंही एवढंच आहे, थोडीशी सैल हॅट लहान करायला जायचंच नाही, ती नेमकी कुठे सैल आहे ते बघायचं आणि तेवढी फट भरायची.

आता कुठे सैल आहे हे बघा म्हटलं की लोक म्हणतात सगळीकडूनच सैल आहे. तसं क्वचित असतं. माणसाचं डोकं गोल नसतं, वरून बघितलं तर अंड्यासारखं दिसेल, कुणाचं पुढून मागे लांबट आणि कानांकडे चपटं, कुणाचं जवळजवळ गोल. हॅट मात्र कारखान्यात एका सरासरी साच्यावर बसवलेली असते. लांबट डोक्यावर ती कपाळाला आणि मागे बरोबर टेकते पण दोन्ही कानांच्या वर बोट जाईल एवढी फट राहते, गोल डोक्यावर उलटं होतं, बाजूंनी आवळते आणि पुढेमागे हलते. आणि गंमत म्हणजे टेप लावली तर दोघांचंही माप ५८ सेंटिमीटर भरू शकतं! म्हणून हॅट घालून आरशासमोर उभं राहायचं, आतल्या पट्टीखालून करंगळी हळूहळू सगळीकडे फिरवायची, जिथे ती सहज सरकते ती जागा लक्षात ठेवायची. मग एकदा खाली वाकून बघायचं, एकदा मान दोन्हीकडे वळवायची, हॅट पुढे घसरते की नुसती फिरते तेही कळतं.

माप घ्यायचं असेल तर शिवणाची टेप भुवयांच्या थोडं वर, कानांच्या साधारण एक सेंटिमीटर वरून आणि मागे डोक्याचा जो उंचवटा असतो त्यावरून न्यायची, आवळायची नाही. बऱ्याच ठिकाणी एम म्हणजे ५७-५८ आणि एल म्हणजे ५९-६० सेंटिमीटर धरतात पण सगळेच तसं धरतात असं नाही. ऑनलाइन मागवताना अमेरिकन हॅटवर सव्वासात असा काहीतरी आकडा असतो तो इंचातला आहे आणि व्यासाचा आहे, म्हणजे ५८ सेंटिमीटर घेराला तिथे सव्वासात म्हणतात, इंग्लंडच्या हॅटवर त्याच मापाला सात पूर्णांक एक अष्टमांश लिहितात. एक अष्टमांश इंच म्हणजे घेरात जवळजवळ एक सेंटिमीटर, तेव्हा आकडा नीट न बघता मागवली तर एक नंबर इकडेतिकडे होणारच. आणि आपल्या बाजारात विचारायला जा, "भिया, फ्री साइज है, सबको आती है." सबको आती है म्हणजे कुणालाच धड येत नाही.

आता फट भरायची कशी ते. हॅट उलटी धरा, आत सगळीकडून एक चामड्याची नाहीतर कापडाची पट्टी असते, घाम टिपायला लावलेली, तिला स्वेटबँड म्हणतात. ती फक्त खालच्या काठाला शिवलेली असते आणि वरून मोकळी असते, नखाने उचलली तर बाहेर वळते. मागच्या बाजूला या पट्टीचा जोड येतो आणि चांगल्या हॅटमध्ये तिथे छोटीशी फीत बांधलेली असते, हॅटची मागची बाजू कुठली हे त्यावरूनच कळतं, उलटी हॅट घालून स्टेजवर गेलेले महाभाग आमच्याकडे होऊन गेलेत म्हणून सांगतेय. तर ही पट्टी बाहेर वळवायची आणि तिच्यामागे, पट्टी आणि फेल्ट यांच्या मधल्या खोबणीत, फोमची पातळ पट्टी बसवायची. हॅटसाठी म्हणून वेगळी टेप मिळते ती आणली तर उत्तमच, नाहीतर दारंखिडक्यांच्या फटींना लावतात ती एका बाजूने चिकटणारी फोम टेप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती जाड आली तर कात्रीने अर्धी पातळ करायची. चिकटणारी बाजू फेल्टकडे, फोम पट्टीकडे, आणि मग पट्टी परत आत वळवून अंगठ्याने दाबत जायचं. बाहेरून काही दिसत नाही, कपाळाला तीच पट्टी लागते, आणि नको झालं की काढता येतं. कापडी पट्टी सगळीकडून शिवून टाकलेली असेल, स्वस्त हॅटेत असतेच, तर वरची शिवण चार बोटं उसवा, फोम आत सरकवा आणि परत टाके घाला.

किती जाड घ्यायची याचा एक हिशेब आहे, आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त गणिताचे सर आहेत त्यांनी मला तो चहाच्या बिलामागे करून दाखवला होता. हॅटच्या आत सगळीकडून दीड मिलिमीटर जाडी वाढवली तर घेर जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी होतो, म्हणजे पूर्ण एक नंबर! आधी मला वाटलं सर थट्टा करतायत, पण त्रिज्या थोडी कमी झाली की घेर त्याच्या सव्वासहा पटीने कमी होतो ना. फोम डोक्याच्या दाबाने बसतो म्हणून प्रत्यक्षात थोडा जाड लागतो, पण म्हणूनच सांगते, पहिल्यांदाच बोटभर जाडीचा फोम गोल फिरवून चिकटवू नका. जिथे करंगळी सरकली होती तिथेच चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा लावा, घालून बघा, मग पुढचा. कानांच्या वर लावताना दोन्ही बाजूंना सारखा लावायचा नाहीतर हॅट एकीकडे झुकते. फक्त मागे किंवा फक्त पुढे लावला तर हॅटची बसण्याची जागा बदलते, ज्यांची हॅट सारखी डोळ्यांवर येते त्यांनी हे घालून बघूनच ठरवावं. मागच्या जोडावरून टेप ओढून न्यायची नाही, तिथे थोडी जागा सोडायची, नाहीतर गाठ डोक्याला टोचत राहते.

तुम्ही वर्तमानपत्रवाले म्हणून खास सांगते, आपले जुने लोक यासाठी पेपरच वापरायचे. उभी घडी घालून पट्टी करायची आणि स्वेटबँडच्या मागे सरकवायची. ऐन प्रयोगाच्या आधी विंगेत मीही करते, काम भागतं. पण पेपर घाम पितो आणि लगदा होतो, शाई फेल्टला आणि कपाळाला लागते, आणि शांत प्रसंगात नटाने मान वळवली की कुरकुर ऐकू येते, पहिल्या रांगेला तर नक्कीच. तेव्हा तुमचा अंक आधी वाचा आणि नंतर फार तर एका संध्याकाळपुरता टोपीत घाला, कायमचा नको. कापूस तर नकोच, तो गोळे होऊन एका जागी जमा होतो.

आता गरम पाण्याबद्दल. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, ओल, उष्णता आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकत जातात आणि कापड घट्ट होतं, काश्मीरचा नमदा, म्हणजे तिथला जाड लोकरी गालिचा, असाच पाय देऊन तुडवून करतात. म्हणजे लोकरीचं फेल्ट गरम पाण्याने आटतं हे तुमच्या टिपेतलं बरोबर आहे. पण ते आपल्याला हवं तिथे आणि हवं तेवढंच आटेल हे कुणी सांगितलं? माथ्याला घातलेली चिमटीची घडी सैल पडते, कडेला लाटा येतात, आणि आतली चामड्याची पट्टी फेल्टबरोबर सारखी आटत नाही, ती कडक होते आणि मुरडते. शिवाय फेल्टला ताठपणा यावा म्हणून कारखान्यात खळ देतात, त्यात लाखही वापरतात, आपल्या बांगड्यांची ती लाख, गरम झाली की मऊ पडणारच. एकदा हॅटची कड लोळागोळा झाली की इस्त्रीने काही परत येत नाही.

आणि बाजारात फॅन्सी ड्रेससाठी ज्या स्वस्त हॅटा मिळतात त्या बहुतेक लोकरीच्या नसतातच, पॉलिस्टरच्या असतात. त्याला खवलेच नाहीत तर अडकणार काय! गरम पाण्याने माप तेवढंच राहतं आणि वेडीवाकडी होते ते वेगळं. ड्रायर फार जवळ धरला तर एक डाग चकचकीत आणि कडक होऊन बसतो.

अगदीच लोकरीची आहे, फार तर एका नंबरचा फरक आहे आणि हॅट वाया गेली तरी चालेल अशी असेल तर किटलीच्या वाफेवर वीतभर अंतरावरून नुसता खालचा घेर फिरवत धरायचा, भिजवायचा नाही, जरा निवली की डोक्यावर घालून तशीच वाळू द्यायची. पण फोमच्या आधी हे करू नका. आणि कुणाच्या पणजोबांची सशाच्या केसांची अस्सल विलायती हॅट ट्रंकेतून निघाली असेल तर तिला वाफबिफ अजिबात देऊ नका आणि पोरांच्या डोक्यावरही चढवू नका, पूर्वी ते केस तयार करायला पाऱ्याचं रसायन वापरायचे, हॅट बनवणाऱ्या कामगारांचे हात थरथरायला लागायचे त्यामुळे, अमेरिकेत हे १९४१ मध्ये जाऊन बंद झालं. अशी हॅट पिशवीत घालून ठेवा आणि फोटो दाखवा पाहुण्यांना.

आता पुन्हा भगतसिंगांकडे, कारण सगळ्यात जास्त फोन मला त्याचेच येतात. डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरहून निसटताना ते हॅट घालून साहेब झाले होते, त्यांच्या सहकारी क्रांतिकारक दुर्गाभाभी बरोबर होत्या आणि पुण्याजवळच्या खेडचे राजगुरू त्यांचे नोकर बनून गेले. राजगुरूंचं काम करायला मात्र एकही पोरगं तयार नसतं, हॅट नाही ना त्यात. तो प्रसिद्ध फोटो नंतरचा, एप्रिल १९२९ चा, दिल्लीत काश्मिरी गेटच्या स्टुडिओतला. त्यात हॅट किंचित तिरकी आहे बघा. तिरकी हॅट तेव्हाच तिरकी राहते जेव्हा ती मापात असते, सैल हॅट तिरकी केली की एका कानावर लोंबते आणि पोरगं इन्किलाब म्हणायला हात वर करतं तेव्हा दुसऱ्या हाताने हॅट सावरत असतं. आईवडील मुद्दाम मोठीच घेतात, पुढच्या वर्षीही येईल म्हणून. घ्या ना, माझी काही हरकत नाही, फक्त फोम घाला आणि दरवर्षी एकेक तुकडा काढत जा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त सैल असेल तर मात्र बदलूनच आणा, एवढा फोम कोंबला की हॅट डोक्यावर बसत नाही, डोक्यावर तरंगते. अगदी लहान पोरांना मागून केसांखालून बारीक काळं इलास्टिक लावलं तरी पुरतं, हनुवटीखालून नको, बोलताना टोचतं आणि पोरं तेच चघळत बसतात.

मुलींना भगतसिंग करायचं असेल तर वेणी आधी वर पिनअप करून मगच माप घ्या, आणि तेल लावून आणू नका कृपा करून, फेल्टवरचा तेलाचा डाग निघता निघत नाही.

माझी विनंती एवढीच की २३ तारखेच्या आधी त्याच चौकटीत पाण्याची टिप मागे घ्या आणि फोमची छापा. आणि आपल्या इथल्या दुकानदारांनी हॅटच्या आत निदान सेंटिमीटरमध्ये माप लिहिलेली चिठ्ठी लावावी, फ्री साइज लिहायला जेवढी शाई लागते तेवढीच लागेल.

आपली नियमित वाचक,
इंदूर

ता. क. : फोम घातल्यावर पहिल्या दिवशी हॅट जरा आवळल्यासारखी वाटेल. घरातच तासभर घालून फिरा. काढल्यावर कपाळावर लाल रेघ दिसली आणि ती लवकर गेली नाही तर एक तुकडा कमी करा.