मलेशियातल्या क्वाला क्रायच्या माकचिकना (म्हणजे मावशींना), सांगलीहून

प्रिय माकचिक,

अस्सलामु अलैकुम आणि सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुमचा मुलगा ते फोनवर मलायमध्ये उलगडून तुम्हाला वाचून दाखवणार आहे. त्या फोनला तुमच्या क्लांतान राज्याची बोली कळत नाही, हे आपण तीन दिवस पाहिलंय. तरी मराठीतच लिहिते. इंग्रजीत मला दोन ओळींत आभार मानता येतात, पण पोटातलं बोलता येत नाही. शिवाय हे इथल्या चार लोकांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. आमच्याकडून मलेशियाला जाणारे बहुतेक जण सिंगापूरला जोडून जातात. क्वालालंपूरचे जुळे मनोरे, बटू केव्हजच्या 272 पायऱ्या, गेंटिंगची केबल कार, की निघाले परत. आई-बाबांना घेऊन मीही एकदा तशीच येऊन गेले होते. सहल चांगली झाली, पण साऱ्या सहलीत एकाही मलेशियन माणसाच्या घराचा उंबरा आम्ही ओलांडला नाही.

म्हणून 2024 च्या दिवाळीत भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी मी एकटीच सॅक पाठीला लावून निघाले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघते. नव्या हळदीचे सौदे फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होतात, त्याआधी हात थोडे मोकळे असतात. 2023 च्या डिसेंबरपासून आम्हाला तुमच्या देशात तीस दिवसांपर्यंत व्हिसाही लागत नाही. सॅकमध्ये दोन जोड कपडे, एक छत्री आणि कुणी भेटलं तर द्यायला म्हणून अर्धा किलो हळद.

माणसं भेटत गेली. क्वालालंपूरच्या एका मामाकमध्ये, म्हणजे तमिळ मुस्लिमांच्या खाणावळीत, रोटी चनाई भाजणाऱ्या तमिळ अण्णांनी मी शाकाहारी आहे म्हटल्यावर तव्याचा एक कोपरा पुसून घेतला. क्वाला लिपिस हे गाव एकेकाळी पाहांग राज्याची राजधानी होतं, आता दुपारी तिथे इतकी शांतता असते की पंख्याचा आवाज रस्त्यावर येतो. तिथल्या कॉफीच्या दुकानातले चिनी आजोबा माझी मोडकी छत्री ठेवून घेऊन स्वतःची देऊन बसले. ती आजही माझ्याकडे आहे. या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण पत्र तुम्हाला आहे, माकचिक.

गेमासहून तुम्पातला जाणारी ती रेल्वे 1931 मध्ये पूर्ण झाली. जंगलातून जाते, म्हणून तिला जंगल रेल्वे म्हणतात. गुआ मुसांगला स्टेशनाच्या मागे चुनखडीचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे, तिथून मी गाडीत बसले, तेव्हाच अंग कसकसत होतं. शाळेची मुलं चढत-उतरत होती, खिडकीबाहेर रबराची झाडं आणि मधूनच तांबडी नदी. केमुबूचा पूल आला तेव्हा शेजारच्या बाईंनी हातानं खूण करून सांगितलं, जुना पूल पुरानं नेला, हा नवा. मला ते ऐकायला हवं होतं, कारण पूर हा माझ्याही घरचा विषय. पण डोळे उघडे राहत नव्हते. जायचं होतं वाकाफ बाहारूला. क्वाला क्रायला गाडी थांबली आणि मला वाटलं, आता उतरले नाही तर इथेच कोसळेन. उतरले. फोनवर जी खोली शोधली होती तिथे कुणी फोन उचलेना.

स्टेशनाबाहेर तुमची टपरी होती. तुम्ही झाकपाक करत होता. मी बाकावर बसले, चहा मागितला आणि कप उचलायला हात उठेना. तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "दाह माकान?"

जेवलीस का? आमच्या गावातही दारावरून जाणाऱ्या माणसाला हेच विचारतात. मी मान हलवली आणि कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "साकित कपाला?" ते कपाळ ऐकलं आणि मला रडू फुटलं, माकचिक. तुम्हाला वाटलं फार दुखतंय. दुखत होतंच. पण परक्या देशात, अंगात ताप असताना, कुणीतरी माझ्या भाषेतला शब्द बोललं होतं. तुमच्यात डोक्याला कपाला म्हणतात, चेहऱ्याला मुका, भाषेला बाहासा, उपवासाला पुवासा, हे नंतर तुमच्या मुलानं सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं की या बाईला कळलंय.

तुम्ही माझ्या गळ्याला हात लावून पाहिलात, टपरीला कुलूप घातलंत आणि माझी सॅक स्वतःच्या खांद्याला लावलीत. मी कोण, कुठली, कोणत्या धर्माची, पैसे आहेत की नाहीत, हे तुम्ही विचारलं नाहीत. पासपोर्टसुद्धा दुसऱ्या दिवशी पाहिलात, तोही दवाखान्यात दाखवायला लागतो म्हणून.

त्या रात्री तुम्ही मला तुमची खोली दिलीत, नेसायला बाटिकचं सारोंग दिलंत आणि बुबुर केलंत. बुबुर म्हणजे आमचा मऊ भात. फोनमधून मी कसंबसं सांगितलं होतं की मी मासे, मांस, अंडं खात नाही. तुमच्या स्वयंपाकात तर बुडू, म्हणजे आंबवलेल्या माशांचा रस असतो, सुकी मासळी असते, बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, त्याशिवाय तुमच्याकडे घास घशाखाली उतरत नाही. नेहमीच्या भांड्यात केला असतात तर मला कळलंही नसतं. पण तुम्ही कपाटातून एक नवं पातेलं काढलंत, त्याच्या बुडाला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, आणि ती नखानं खरवडताना मी अंथरुणातून पाहत होते. तांदूळ, आलं, मीठ. वरून हळदीचं कोवळं पान बारीक चिरून. त्या पानाचा वास आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात येतो. अर्धी वाटी जेवले आणि झोपले.

त्याबद्दल आभार. आजपर्यंत लोकांनी माझ्या खाण्याला पुष्कळ वेळा मान दिलाय, पण त्यासाठी कुणी कपाटातलं जपलेलं पातेलं काढलं नव्हतं.

दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे तुमच्या क्लांतानातला सुट्टीचा वार. तुमच्या मुलानं जुन्या प्रोटॉन सागा गाडीतून सरकारी इस्पितळात नेलं. नमाजाची वेळ होत आली होती, तरी तो माझ्यासोबत बसून राहिला. डेंगी आहे का ते बघायला रक्त घेतलं. तिथल्या तमिळ सिस्टरांनी मी भारतातली म्हटल्यावर टेबलाखालच्या डब्यातून दिवाळीची मुरुक्कू काढून दिली. आमची चकलीच ती. तोंडाला चव नव्हती, तुम्ही ती रुमालात बांधून ठेवलीत आणि रविवारी ताप उतरल्यावर माझ्यासमोर धरलीत. डेंगी नव्हता. रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही दोन्ही हात वर करून "अलहम्दुलिल्लाह" म्हणालात आणि मी "पांडुरंगा" म्हणाले, दोघी एकदमच.

आता भिंतीबद्दल बोलते.

शनिवारी दुपारी मला उठून बसवत होतं. तुमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर छतापासून वीतभर खाली निळ्या रंगाची एक आडवी रेघ आहे. मी त्या रेघेकडे बघत बसले. तुम्ही सांगायला लागलात, तेव्हा मी हात करून थांबवलं आणि विचारलं, "पूर?" मुलगा म्हणाला, "बाह कुनिंग." 2014 च्या डिसेंबरचा पिवळा पूर. तुमच्याकडे पुरांना रंगाची नावं आहेत. 1926 चा तो लाल, बाह मेराह. आमच्याकडे पुराला सालाचं नाव असतं. 2005 चा, 2019 चा, 2021 चा.

मी फोनमधला फोटो काढून दाखवला. गावभागातलं आमचं घर, ऑगस्ट 2019, पाणी माळ्याच्या फळीला लागलेलं. कृष्णेच्या पाण्यानं आयर्विन पुलापाशी 57 फूट ओलांडले होते, तिथे 45 फुटांना धोका धरतात. तुम्ही फोटो बराच वेळ पाहिलात. मग आत जाऊन तुम्ही तुमचा फोटो आणलात, फ्रेममधला, एक कोपरा चिखलानं तपकिरी झालेला. तुमचं शिलाई मशीन दोरानं छताच्या वाशाला टांगलेलं. ते वाचलं नाही, म्हणालात. माझ्या आईचं पिठाचं जातं वाचलं होतं, कारण दगड वाहून जात नाही. पण देव्हारा गेला. यातलं काही आपल्याला फोनमधून उलगडावं लागलं नाही. बोट दाखवायचं, हात हलवायचा. गेलं. राहिलं. गेलं.

संध्याकाळी हळूहळू चालवत तुम्ही मला तांगा क्रायला नेलंत. नदीत उतरणाऱ्या त्या पायऱ्या. गालास आणि लेबिर या दोन नद्या गावाजवळ एक होतात आणि क्लांतान नदी होते. क्वाला म्हणजे नदीचं मुख, संगम. आमच्या गावाबाहेर हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते, तिथेही असाच घाट आहे. तुमच्या पायऱ्यांवर पाणी 25 मीटरला गेलं की धोका, आणि 2014 ला ते 34 च्या वर होतं. धोक्याला तुम्ही बाहाया म्हणता. तेही आमचं भय.

तिथे बसल्यावर मी तुम्हाला एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला होता, पण मला ती नीट सांगता आली नाही. आता सांगते. 2019 ला आम्हाला बोटीतून काढलं, तेव्हा मिरजेच्या एका कुटुंबानं आम्हाला नऊ दिवस माडीवरची खोली दिली. ओळख ना देख. रोज दोन्ही वेळा ताट वर यायचं. पाणी उतरलं तसे आम्ही चिखल काढायला धावलो. घर उभं करायच्या नादात त्यांच्याकडे नीट जाऊन आभार मानायचं राहून गेलं. एक महिना, मग वर्ष, मग करोना, मग जायची लाज वाटायला लागली. तुमच्याकडून परत आल्यावर पहिल्या रविवारी मी आणि आई मिरजेला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "जेवून आलात का?"

निघताना तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा तुमचा चेहरा बदलला, आणि मला माझी चूक कळली. मग मी हळद काढली. तुम्ही पुडी फोडलीत, नाकाशी नेलीत, चिमूट जिभेवर ठेवलीत आणि पारख करणाऱ्या माणसासारख्या गप्प राहिलात. माझं आयुष्य हळदीच्या व्यापाऱ्यांत गेलंय, माकचिक. ती शांतता मी ओळखते. मग म्हणालात, "कुन्यित बागुस." चांगली हळद. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी पेढीवर पेढे वाटले होते. तुमच्या त्या दोन शब्दांनी मला त्याहून जास्त आनंद झाला. तुम्ही ती काचेच्या बरणीत भरलीत आणि स्टुलावर चढून बरणी निळ्या रेघेच्याही वरच्या फळीवर ठेवलीत.

स्टेशनावर मी "तेरिमा कासिह" म्हटलं. मुलगा म्हणाला, याचा शब्दशः अर्थ "प्रेम स्वीकारा". तुम्ही म्हणालात, "सामा-सामा." म्हणजे तुलाही तेच. पुढचा प्रवास मला फारसा आठवत नाही. कोटा बाहारूला सिती खदीजा बाजार पाहिला, जिथे बहुतेक गाळ्यांवर बायकाच बसतात, आणि गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला भात पाहिला. बेटांवरच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद होत होत्या, मी तिकडे गेले नाही.

आणि मग नोव्हेंबर सरता सरता बातम्या आल्या. मलेशियात महापूर, एक लाखाहून जास्त माणसं छावण्यांत, सगळ्यात जास्त क्लांतानची. तुमच्या मुलाचा फोन बंद. दोन दिवस मी पेढीवर बेरजा चुकवत होते. आईनं देवापुढे तुमच्या नावानं दिवा लावला. नाव तिला माहीत नाही. मलाही नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मी माकचिकच म्हणत राहिले. आई नुसतं "तिच्या त्या मावशी" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. शाळेतली छावणी, तुम्ही चटईवर, मांडीवर नातू. आणि दुसरा फोटो घराचा: पाणी गुडघ्याएवढं, आताचं शिलाई मशीन टेबलावर चढवलेलं, वर फळीवर बरणी. खाली तुमच्या मुलानं लिहिलं होतं, आई म्हणते जेवण झालंय, काळजी करू नकोस.

त्या निरोपासाठीही आभार. छावणीत बसून तुम्ही माझी काळजी करत होता.

आता इकडे मृग लागलाय. सकाळी उठल्या उठल्या आम्ही कोयनेतून किती विसर्ग सोडलाय आणि आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे ते बघतो. तुमच्या मुलानं मला तुमच्या सरकारच्या इन्फो बंजिर या पुराच्या संकेतस्थळावर नद्यांची पातळी कशी बघायची ते शिकवलंय. आमचा पावसाळा सरला की तुमचा सुरू होतो. दिवाळीपासून मी तांगा क्रायचा आकडा बघायला लागेन. तो 25 कडे सरकायला लागला की मी फोन करेन, तेव्हा उचला. आणि नवी हळद निघाली की एक पुडा कुरिअरनं पाठवते, तीही वरच्याच फळीवर ठेवा.

तुमची,
सांगलीची हळदवाली