बटणांची नावे परत द्या

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून बटणांची नावे काढून टाकल्याबाबत

महोदय,

इचलकरंजीत माझे डीटीपी आणि छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, पतसंस्थांचे अहवाल ही आमची नेहमीची कामे. तुमच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी आम्ही वेळेवर भरतो. ताज्या अपडेटनंतर वरची मेनूची पट्टी गेली आणि शब्दांच्या जागी करड्या, बारीक रेघांची चित्रे आली.

खोक्यातून वर जाणारा बाण म्हणजे एक्स्पोर्ट. खोक्यात उतरणारा बाण म्हणजे इम्पोर्ट. ढगातला बाण म्हणजे सेव्ह, पण तुमच्या सर्व्हरवर. आमच्याच संगणकावर सेव्ह करायचे तर तीन ठिपके दाबायचे. तीन आडव्या रेघा निराळ्या, त्यांच्या पोटात प्रिंट आहे. छपाईवाल्यांना विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट लपवायचे कुणाच्या डोक्यात आले?

चित्रावर कर्सर नेऊन थांबले की नाव उमटते, असे तुमच्या मदत केंद्राने सांगितले. म्हणजे नाव तयार आहे, फक्त झाकून ठेवले आहे! लग्नसराईत ऑपरेटरने दर बटणापाशी थबकत बसायचे का?

खरी पंचाईत फोनवर होते. प्रूफ घेऊन मी पार्टीकडे गेलो की दुकानातून ऑपरेटर ताईंचा फोन येतो. पूर्वी ‘फाइलमध्ये जा, एक्स्पोर्ट, पीडीएफ’ एवढे सांगितले की काम व्हायचे. आता ‘वरून तिसरे, ते नव्हे, चौकोन आहे बघा, त्याला शेपूट आहे’ असे चालते, आणि पार्टी समोर बसून ऐकत असते. नव्या मुलांसाठी कामाचे टप्पे लिहून भिंतीवर लावले होते, तो कागदही रद्दीत गेला. विशीतल्या पोरांनी फ्लॉपी कधी पाहिलेली नाही, तरी त्या चित्राशेजारी ‘सेव्ह’ लिहिलेले असायचे म्हणून त्यांचे कधी अडले नाही.

जागा नाही, ही सबब सांगू नका. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर मेनूचे शब्द मावत होते. आमचे पडदे १९२० बाय १०८० चे आहेत आणि तुमच्या पट्टीत अर्धी जागा मोकळी पडली आहे. मोबाइलवर चित्रे ठेवा, हरकत नाही. २०२१ मध्ये विंडोज ११ नेही राइट क्लिकच्या मेनूतून कट, कॉपी, पेस्ट हे शब्द काढून नुसती चित्रे ठेवली होती. पुढे २४एच२ आवृत्तीत त्या चित्रांना नावे जोडावी लागली.

तेव्हा ‘चित्रांसोबत नावे दाखवा’ असा पर्याय द्या आणि तो मुळातच सुरू ठेवा. मेनूची पट्टी परत आणा. तोवर आमच्या लायसन्सवर मागची आवृत्ती बसवता येईल अशी सोय करून द्या. वर्गणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्याआधी लेखी उत्तर यावे.

आपला ग्राहक,
डीटीपी व छपाई व्यावसायिक, इचलकरंजी

सोबत : जुन्या व नव्या पडद्याचे स्क्रीनशॉट