चावल्याची वेळ लिहा

संपादक महाशय,

सहा वर्षं रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो, आता सर्पदंशावर संशोधन करतो. गाडीत असताना साप चावल्याची वेळ मी रुग्णाच्या मनगटावरच बॉलपेनने लिहायचो; कागद हमखास हरवायचा. आज जुने केसपेपर चाळतो तर नेमका तोच रकाना कोरा! घोणस चावल्यावर रक्त गोठतंय का, हे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटं रक्त न हलवता ठेवून कळतं. प्लास्टिकची नळी चालत नाही. एका ठिकाणी मला साबणाने धुतलेली नळी दाखवली, तीही कौतुकाने. (साबणाचा अंशही निकाल बिघडवतो.) तालुक्याच्या रुग्णालयांत काचेच्या नव्या नळ्या तरी ठेवा. घड्याळ भिंतीवर असतंच.

— एक वाचक, सातारा